जर्मनीला सेमिस्टरसाठी निघताय? तिकीट काढायच्या आधी खोलीची किल्ली कधी मिळणार ते बघा

प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. एका मुलीचं कासेलला एक्स्चेंज सेमिस्टर आहे, विंटर सेमिस्टर १ ऑक्टोबरपासून, व्हिसा हातात आलाय, होस्टेलच्या खोलीचा करारही १ ऑक्टोबरपासूनचा आहे. तिला दोन तिकिटं दिसतायत. एक मुंबई-फ्रँकफर्ट सरळ, सकाळी पोचणारं आणि महाग. दुसरं आखातातून जाणारं, दोन वेगवेगळ्या बुकिंगचं, ३ ऑक्टोबरला शनिवारी रात्री साडेदहाला फ्रँकफर्टला उतरवणारं, पण अकरा हजारांनी स्वस्त. पहिल्यांदाच एकटी निघालीय, घरचे टेन्शनमधे, आणि विचारतेय की स्वस्तवालं घेतलं तर चालेल ना, आणि बॅगेत काय काय भरू.

मी जर्मनीतल्या एका होखशूलच्या (म्हणजे युनिव्हर्सिटीपेक्षा प्रॅक्टिकल शिक्षणावर जास्त भर देणाऱ्या कॉलेजच्या) इंटरनॅशनल ऑफिसमधे काम करते. दर सेमिस्टरला बाहेरून येणारी मुलं, त्यांच्या खोल्या, त्यांची नोंदणी, हे सगळं आमच्या टेबलावरून जातं, त्यामुळे कोण कुठे अडकतं ते बरंच बघितलंय. आणि गंमत म्हणजे विमानात सहसा कोणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते विमानातून उतरल्यापासून खोलीचं दार उघडेपर्यंत, आणि मग पुढचे आठ-दहा दिवस. तिकीट बघताना मात्र सगळे फक्त विमानाचाच विचार करतात.

म्हणून तिकिटाचं बाजूला ठेव आणि आधी खोलीच्या कराराची पीडीएफ उघड. त्यात कुठेतरी लिहिलेलं असेल की किल्ली कोण देणार, कुठे आणि किती वाजेपर्यंत. विद्यार्थ्यांची होस्टेलं इथे श्टुडिरेन्डनवेर्क नावाची संस्था चालवते आणि किल्ली बहुतेक ठिकाणी हाउसमाइस्टर देतो, म्हणजे बिल्डिंगचा केअरटेकर. हा माणूस चोवीस तास गेटवर बसलेला वॉचमन नाही. त्याची ऑफिसची वेळ असते, कुठे सकाळी दोन-तीन तास, कुठे दुपारी, आणि ती वेळ साधारणपणे सोमवार ते शुक्रवारच. त्या वेळेच्या बाहेर तू तीस किलोच्या बॅगा घेऊन दारात उभी राहिलीस तरी त्याला त्याचं काही नाही, आणि उद्धटपणा म्हणून नव्हे, इथे कामाची वेळ संपली म्हणजे संपली.

आता तुझं स्वस्त तिकीट या हिशोबात बसवून बघू. ३ ऑक्टोबर हा जर्मन एकीकरणाचा दिवस, १९९० साली या तारखेला दोन जर्मनी एक झाले, त्यामुळे देशभर सुट्टी. या वर्षी तो शनिवारी येतोय. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि रविवारी इथे दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची आणि एअरपोर्टवरची काही सोडली तर. म्हणजे तू शनिवारी रात्री साडेदहाला उतरणार, पासपोर्ट कंट्रोल आणि बॅगा होईस्तोवर मध्यरात्र, त्या वेळी कासेलच्या दिशेने जाणाऱ्या गाड्या अगदी तुरळक, पहाटेपर्यंत स्टेशनवरच्या बाकड्यावर बसणार, रविवारी सकाळी कासेलला पोचणार आणि किल्ली सोमवारी. रविवारची रात्र तरी हॉटेलात काढावीच लागेल, शनिवारची पण धरलीस तर दोन रात्री. तुझे अकरा हजार तिथेच गेले, वर दोन दिवस बॅगा ओढत फिरायचं ते वेगळंच.

हे सगळं परिस्थितीवर आहे हेही सांगते. तुझ्या युनिव्हर्सिटीत बडी प्रोग्रॅम असेल, म्हणजे तिथला एखादा विद्यार्थी तुझ्यासाठी नेमून दिलेला असतो, तर तो तुझ्यावतीने आधीच किल्ली घेऊन ठेवू शकतो. त्याला तुझ्या सहीचं अधिकारपत्र लागतं, त्याला इथे फोलमाख्त म्हणतात, आणि सोबत पासपोर्टची कॉपी. मेलवर पाठवून चालेल का ते होस्टेलला आधी विचारून घे, काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी मूळ सहीचा कागद मागतात. किंवा तुझी खोली होस्टेलमधे नसून शेअर्ड फ्लॅटमधे असती आणि फ्लॅटमेट दार उघडणार असता तर मी म्हटलं असतं की शनिवार काय नि रविवार काय, ये. पण असं काही ठरलेलं नसेल तर सोमवार ते गुरुवार यातल्या एखाद्या दिवशी सकाळी पोचणारं तिकीट घे. अगदी १ तारखेला सगळेच येतात, हाउसमाइस्टरच्या दारात रांग असते, पण रांग परवडली. १ च्या आधी मात्र येऊ नकोस, कारण करार १ पासून म्हणजे खोली १ पासून, ३० सप्टेंबरच्या रात्री तिथे आधीचा भाडेकरू झोपलेला असू शकतो.

घाई करायचं कारणही नाही. सेमिस्टर कागदावर १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण युनिव्हर्सिटीत लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात. मधले दिवस ओरिएंटेशन आणि कागदपत्रांचे. होखशूलमधे जाणाऱ्यांनी मात्र आपापलं कॅलेंडर बघा, तिथे विंटर सेमिस्टर बहुतेक ठिकाणी १ सप्टेंबरलाच लागतं आणि लेक्चर्सही लवकर असतात, ऑक्टोबर धरून बसलात तर पहिले वर्ग बुडतील.

आता दोन बुकिंगवाल्या तिकिटाबद्दल, कारण दिवस बदलून तसलंच दुसरं तिकीट घ्यायचा मोह होईल. एकाच बुकिंगवर दोन विमानं असतील तर पहिलं लेट झाल्यावर तुला पुढे पोचवायची जबाबदारी एअरलाइनची. दोन वेगळी बुकिंग असतील तर दुसऱ्या एअरलाइनच्या लेखी तू आलीच नाहीस, विषय संपला, नवीन तिकीट स्वतःच्या पैशाने. शिवाय बॅग थेट फ्रँकफर्टपर्यंत जाईल याची खात्री नाही, बऱ्याचदा मधल्या एअरपोर्टला ती पट्ट्यावरून उचलून परत चेक-इन करावी लागते, आणि त्यासाठी त्या देशाच्या इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं, म्हणजे त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. हे बुकिंग साइटवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. फिरायला जाणाऱ्याने हवं तर ही रिस्क घ्यावी, सहा महिन्यांचं सामान घेऊन पहिल्यांदा निघालेल्या मुलीने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच बुकिंगवर आखातातून जाणारं स्वस्त तिकीट मिळत असेल तर खुशाल घे, त्यात काहीच वाईट नाही. बऱ्याच एअरलाइन्स विद्यार्थ्यांना जादा बॅग किंवा सवलत देतात, ते एअरलाइनच्या स्वतःच्या साइटवर बघ.

अ‍ॅमस्टरडॅम किंवा पॅरिसवरून जाणारं तिकीट घेतलंस तर एक लक्षात ठेव, तुझा पासपोर्ट तिथेच तपासला जाणार, कारण शेंगेनमधे, म्हणजे आपसात सहसा पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, तू तिथे शिरतेस. पुढचं फ्रँकफर्टचं विमान घरगुती विमानासारखं. त्यामुळे मधे तास-सव्वा तासच असेल तर पासपोर्टच्या रांगेत घाम फुटतो, दोन-अडीच तास तरी असूदेत.

पासपोर्ट कंट्रोलवर काय विचारतात याची मुलांना उगाच फार भीती असते. कशासाठी आलीस, किती दिवस, कुठे राहणार, इतकंच साधारण. थोडक्यात उत्तर द्यायचं. पण अ‍ॅडमिशन लेटर, पैशाचा पुरावा, इन्शुरन्स आणि खोलीचा करार हे चार कागद हँडबॅगेत, हात घातला की लागतील असे, प्रिंट काढलेले. फोनमधे आहे म्हणून चालत नाही असं नाही, पण बारा तासांच्या प्रवासानंतर फोनची बॅटरी नेमकी तिथेच मान टाकते. आणि व्हिसाच्या स्टिकरवरच्या दोन तारखा आत्ताच नीट बघ. सुरुवातीच्या तारखेच्या आधी जर्मनीत उतरता येत नाही, एअरलाइनवालेच विमानात बसू देणार नाहीत. शेवटची तारीख तुझ्या शेवटच्या परीक्षेनंतरची आहे का तेही बघ, विंटर सेमिस्टरच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतात. व्हिसा त्या सगळ्या काळाचा असेल तर परदेशी नागरिकांच्या ऑफिसात, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेत, जायची वेळ बहुतेक येणार नाही. कमी काळाचा असेल तर तिथली अपॉइंटमेंट आल्या आल्या मागायची, कारण ती मिळायलाच कित्येक आठवडे जातात.

उतरल्यानंतर कासेल. फ्रँकफर्ट एअरपोर्टला दोन स्टेशनं आहेत, एक लांब पल्ल्याच्या गाड्यांचं आणि एक लोकल-रीजनल गाड्यांचं, तिकिटावर कुठलं लिहिलंय ते बघून त्या बोर्डामागे जा. कासेललाही तसंच. आयसीई, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या, कासेल-विल्हेल्म्सह्योहे स्टेशनला थांबतात, कासेल हाउप्टबानहोफला नाही. नाव मुख्य स्टेशन असं असलं तरी मोठ्या गाड्या तिथे जात नाहीत, दरवर्षी कोणीतरी अ‍ॅपमधे चुकीचं स्टेशन टाकून वैतागतं. आणि विमानाच्या वेळेवर भरवसा ठेवून आयसीईचं स्वस्त तिकीट आधी काढू नकोस. ते ठराविक गाडीचंच असतं. रेल्वे स्वतः लेट झाली तर ते बंधन सुटतं, विमान लेट झालं तर नाही, तुझं विमान हा रेल्वेचा विषयच नाही. एकतर थोडं महाग पण त्या दिवसाच्या कुठल्याही गाडीला चालणारं फ्लेक्सवालं तिकीट काढ, किंवा बॅगा हातात आल्यावर अ‍ॅपवर काढ, किंवा मग निवांत फ्रँकफर्ट मेन स्टेशनवरून गीसन-मारबुर्गमार्गे जाणारी रीजनल गाडी पकड, दोन-सव्वादोन तास लागतात. ती ६३ युरोच्या महिन्याच्या डॉइचलांड-तिकिटावर, म्हणजे देशभरच्या लोकल-रीजनल गाड्यांच्या पासवर, चालते, पण हे तिकीट सबस्क्रिप्शन असतं आणि वेळेत कॅन्सल नाही केलं तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. तुझ्या युनिव्हर्सिटीच्या फीमधे सेमिस्टर तिकीट असेल तर वेगळं घ्यायची गरज नाही, फक्त ते नोंदणी झाल्यावर मिळतं, पहिल्या दिवशी नाही. जर्मन रेल्वे घड्याळाच्या काट्यावर चालते हे डोक्यातून काढून टाक. २०२४ मधे लांब पल्ल्याच्या फक्त ६२.५ टक्के गाड्या वेळेवर पोचल्या, आणि 'वेळेवर' म्हणजे सहा मिनिटांच्या आतला उशीर धरून, शिवाय रद्द झालेल्या गाड्या त्यात मोजतच नाहीत. घरच्यांना पोचायची वेळ सांगताना दोन तास वाढवूनच सांग, म्हणजे ते उगाच फोनकडे बघत बसणार नाहीत.

बॅग नाही आली तर? होतं कधीकधी. एअरपोर्टमधून बाहेर पडायच्या आधी बॅगेज काउंटरवर तक्रार नोंदवून त्याचा नंबर असलेला कागद घ्यायचा, तो नसेल तर पुढे भांडायला काही हातात राहत नाही. बॅग उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांच्या आत आणि फुटलेली-तुटलेली मिळाली तर ७ दिवसांच्या आत एअरलाइनला लेखी कळवायचं असतं. तोपर्यंत निभावेल इतकं, म्हणजे एक ड्रेस, औषधं, चार्जर, हे हँडबॅगेत.

पैशांचं जरा सविस्तर सांगते, कारण यात मुलं सगळ्यात जास्त फसतात. ब्लॉक्ड अकाउंटमधे, म्हणजे व्हिसासाठी खर्चाचे पैसे दाखवायच्या आणि दर महिन्याला ठराविक हप्ताच देणाऱ्या खात्यात, पैसे भरलेत, सप्टेंबर २०२४ पासून महिना ९९२ युरोच्या हिशोबाने, म्हणजे आता काळजी नाही असं वाटतं. पण ते पैसे पहिल्या दिवशी तुझ्या हातात नसतात. आधी पत्त्याची नोंदणी, मग बहुतेकदा इथलं साधं बँक खातं, मग ब्लॉक्ड अकाउंट चालू करायचे कागद, मग पहिला हप्ता. यात दोन-तीन आठवडे सहज जातात, ऑक्टोबरच्या गर्दीत जास्तही. तेवढ्यात पहिलं भाडं द्यायचं असतं, डिपॉझिट राहिलं असेल तर ते, युनिव्हर्सिटीची सेमिस्टर फी, इन्शुरन्सचा पहिला हप्ता (विद्यार्थ्यांचा सरकारी इन्शुरन्स महिना दीडशे युरोच्या आसपास पडतो). त्यामुळे निदान दीड महिना निघेल इतके पैसे ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर हवेत, फॉरेक्स कार्डवर आणि थोडी रोकड. कार्डं दोन ठेव आणि दोन वेगळ्या जागी. आणि हे तर कोणीच सांगत नाही, तुझं भारतातलं सिम चालू ठेव, निदान येणाऱ्या एसएमएसपुरतं रोमिंग, कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार. इथे उतरल्या उतरल्या सिम बदलून जुनं सिम कुठेतरी टाकून देणारी आणि मग स्वतःच्याच पैशाला हात लावू न शकणारी मुलं मी दर सेमिस्टरला बघते. इथलं प्रीपेड सिम पासपोर्टची पडताळणी झाल्याशिवाय चालू होत नाही, त्यामुळे पहिल्या आठवड्यापुरतं ई-सिम किंवा रोमिंग पॅक घेऊनच निघ.

इन्शुरन्सचा अजून एक बारीक मुद्दा. इथला विद्यार्थी इन्शुरन्स सेमिस्टर सुरू झाल्यावर आणि नोंदणीच्या वेळी लागू होतो. मधे फट राहू नये म्हणून प्रवासाचा इन्शुरन्स निघाल्यापासून नोंदणी होईपर्यंतचा असावा, तोही दोन-तीन आठवडे जास्तीचा.

पत्त्याची नोंदणी म्हणजे आनमेल्डुंग. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत शहराच्या ऑफिसात जाऊन करायची, कायदाच आहे. त्यासाठी घरमालकाने सही केलेला, ही मुलगी इथे राहायला आली असं सांगणारा फॉर्म लागतो. नुसता भाड्याचा करार चालत नाही, होस्टेलकडून तो फॉर्म किल्ली घेतानाच मागून घे. अपॉइंटमेंट भारतात बसूनच ऑनलाइन मिळते का बघ, ऑक्टोबरमधे सगळ्या विद्यार्थी शहरांत त्यासाठी मारामारी असते. दोन आठवड्यांत तारीखच मिळाली नाही तर घाबरू नकोस, अपॉइंटमेंटचा मेल जपून ठेव, तेवढ्यावरून सहसा कोणी दंड करत नाही.

आता बॅग. आईला सांग की कुकर, डाळी, मसाले याचं इतकं टेन्शन नको, कासेलमधे आशियाई दुकानं आहेत, तूरडाळ मिळते. तूप, पनीर, खवा असं काही भरू नका, बाहेरून युरोपियन युनियनमधे दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि ताजा कढीपत्ता पण नको, ताज्या पाल्याला सर्टिफिकेट लागतं. मसाले, पापड, चिवडा, लोणचं चालतं (लोणच्याची बरणी दोन पिशव्यांत, नाहीतर सहा महिने सगळ्या कपड्यांना तोच वास). नेहमीची औषधं असतील तर तीन महिन्यांपर्यंतची, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही, हँडबॅगेतच, आणि १०० वॉट-अवरच्या आतली. जाड जॅकेट इथेच घे, भारतातलं 'थंडीचं' जॅकेट इथल्या जानेवारीत शोभेपुरतं असतं आणि बॅगेत जागा मात्र भरपूर खातं.

त्यापेक्षा एक चादर आणि पातळ पांघरूण भर. होस्टेलच्या खोलीत पलंग आणि गादी असते, उशी-पांघरूण बहुतेक ठिकाणी नसतं. पहिल्या रात्री जॅकेट अंगावर घेऊन झोपलेल्यांचे मेल आम्हाला सोमवारी येतात. दुसरं म्हणजे प्लगचं. आपले दोन पिनांचे मोबाइल चार्जर इथे सरळ बसतात, लॅपटॉपचा तीन पिनांचा प्लग बसत नाही. चार अ‍ॅडॉप्टर घेण्यापेक्षा एक अ‍ॅडॉप्टर आणि एक आपला एक्स्टेन्शन बोर्ड घे, सगळं त्यावर लावता येतं. व्होल्टेज जवळपास सारखंच आहे.

आई-बाबांसाठी एक, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात, भारताशी फरक साडेतीन तासांचा होता तो साडेचार होतो. रोजच्या फोनची वेळ त्या दिवसापासून चुकणार, आधी सांगून ठेव म्हणजे घाबरणार नाहीत.

आणि किल्ली मिळाली, बॅगा आत टाकल्या, की झोपायच्या आधी खाली जाऊन टपालपेटीवर स्वतःचं नाव चिकटव. कागदावर लिहून सेलोटेपने लावलंस तरी चालेल, पासपोर्टवर आहे तेच आडनाव. इथे पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, नाव बघतो. नाव नसेल तर पत्र 'या पत्त्यावर असं कोणी नाही' म्हणून परत जातं, आणि तुझं बँकेचं कार्ड, त्याचा पिन, इन्शुरन्सचं कार्ड, सगळं पोस्टानेच येणार आहे, कार्ड एका पाकिटात आणि पिन वेगळ्या. एक पाकीट परत गेलं की सगळी साखळी तीन आठवडे मागे. होस्टेलवाले छापील नाव लावतात काही ठिकाणी, पण त्यांच्या सवडीने, तोपर्यंत तुझं सेलोटेपवालं राहूदे.